द्राक्षबागेतला टेन्शिओमीटर: कुणी घ्यावा, आणि तो काय सांगत नाही

बागेत टेन्शिओमीटर, म्हणजे जमिनीतली ओल सुईवर दाखवणारं यंत्र, लावल्यापासून तालुक्यातल्या बागायतदारांचे फोन येतात. घ्यावा का, किती पैसे लागतात, पाणी खरंच वाचतं का, मोबाईलवाला सेन्सर बरा की सुईवाला. प्रत्येकाला थोडं थोडं सांगण्यापेक्षा सगळं इथेच लिहिते. मत आधी सांगते. सुईचा साधा टेन्शिओमीटर, एक फूट खोलीचा आणि दोन फूट खोलीचा अशी जोडी, ठिबकवरच्या प्रत्येक द्राक्षबागेत असावी. मोबाईलवर आकडे पाठवणारी वर्षाच्या वर्गणीची सेवा तीन-चार एकरवाल्याने घेऊ नये. आणि या यंत्रामुळे वाचलेलं पाणी आपसूक गावाच्या वाट्याला येतं असं कुणी सांगत असेल, तर ते खरं धरू नये.

माझी बाग कवठेमहांकाळ तालुक्यात आहे. सुपर सोनाका वाण, डॉगरिज खुंटावर, लागण नऊ बाय पाच फुटांवर. वरचा निम्मा भाग मुरमाड, खालचा काळा. पाणी बोअरचं, शेततळ्यातलं, आणि म्हैसाळ उपसा योजनेचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, आली तर तेही. निम्मा माल बेदाण्याला जातो, निम्मा युरोपला.

यंत्र घ्यायचं कारण युरोप. माल घेणाऱ्या निर्यातदाराने सांगितलं की ग्लोबलगॅपच्या, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीच्या, प्रमाणपत्रासोबत आता ‘स्प्रिंग’ ही पाणीवापराची जोडतपासणीही लागेल. ग्लोबलगॅप आपल्याला माहीत आहे. युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ मध्ये युरेपगॅप या नावाने ती पद्धत सुरू केली आणि २००७ मध्ये नाव बदललं. इतकी वर्षं आपल्याला धास्ती असायची ती औषधांच्या अंशाची. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला आणि युरोपात कंटेनर अडकले, ते वर्ष द्राक्षवाला विसरलेला नाही. ‘स्प्रिंग’मध्ये पाण्याची चौकशी असते. पाणी कुठून घेता, घ्यायचा हक्क आहे का, किती वापरता, कशाच्या आधारावर ठरवता. शेवटच्या प्रश्नाला ‘अनुभवाच्या आधारावर’ हे उत्तर चालत नाही.

आमच्या घरात हेच उत्तर होतं. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर शेंडा बघून पाणी दिलं. शेंडा वळलेला असला की वेल चालू आहे, सरळ झाला की ताण बसतोय. पहिल्या दिवशी त्यांनी यंत्राकडे बघून विचारलं, “आता सुई सांगणार व्हय, पाणी कवा द्यायचं? झाडाकडं बघ की.” त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. शेंडा अजूनही बघावाच लागतो. पण शेंडा ताण बसल्यावर सांगतो, सुई त्याच्या आधी सांगते. आणि पाणी जास्त झालंय हे शेंडा कधीच सांगत नाही. बाग हिरवीगार दिसते, सगळे खूश असतात, आणि खाली पाणी मुळांच्या पलीकडे निघून जात असतं.

यंत्र अगदी साधं आहे. प्लास्टिकची नळी, तिच्या टोकाला भाजलेल्या मातीचा सच्छिद्र कप, वर बूच, बाजूला निर्वात दाखवणारं घड्याळ. नळीत पाणी भरायचं. जमीन सुकायला लागली की ती कपातून पाणी ओढते, नळीत ओढ तयार होते आणि सुई पुढे सरकते. मुळाला पाणी ओढायला जितका जोर लावावा लागतो, साधारण तोच हा आकडा. एकक सेंटीबार. शून्याला जमीन तुडुंब, आकडा वाढेल तसा ताण. ऐंशीच्या पुढे नळीत हवा शिरते आणि यंत्राचं काम थांबतं. बॅटरी नाही, सिम नाही, रेंज नाही. पंजाब कृषी विद्यापीठाने लुधियानात भातासाठी याच तत्त्वावरचा स्वस्त टेन्शिओमीटर केला. त्यात आकड्यांऐवजी हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत. आपल्याकडेही असा पट्ट्यांचा निघाला तर बागेतला गडी आकडे न वाचताही व्हॉल्व्ह फिरवू शकेल. मला तो घड्याळवाल्यापेक्षा जास्त पटतो.

जोडी आठ हजारांच्या आत मिळाली. एक फुटाची सुई पाणी कधी द्यायचं ते सांगते, दोन फुटांची सुई कधी थांबवायचं ते. जोडीचा सगळा अर्थ त्या दुसऱ्या सुईत आहे. एकच घेऊन पैसे वाचवायचा विचार असेल तर घेऊच नका.

माझ्या काळ्या भागात पाणी दिल्यावर वरची सुई दहा-पंधरावर येते. वाढीच्या काळात ती पस्तीस-चाळीसला गेली की पाणी देते. मुरमाड भागात वीस-पंचविसालाच द्यावं लागतं, कारण तिथे त्यापुढे सुई धावत सुटते. एप्रिल छाटणीनंतर सूक्ष्मघड निर्मितीच्या, म्हणजे डोळ्यांत पुढचे घड तयार होण्याच्या, काळात थोडा ताण हवा असतो, तेव्हा काळ्यात पन्नासच्या पुढे जाऊ देते. पूर्वी हा ताण देताना छाती धडधडायची, कारण किती ताण बसलाय ते कळायचं नाही. आता कळतं. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडू लागायच्या, वेळी उलटं करावं लागतं. तेव्हा सुई वर-खाली होऊ द्यायची नाही. जमीन सुकवून एकदम पाणी सोडलं की मणी तडकतात आणि तडकलेला घड ना पेटीत जातो ना बेदाण्याच्या शेडवर नीट सुकतो. हे आकडे माझ्या बागेचे आहेत, तुमच्या जमिनीचे वेगळे निघतील. पहिला हंगाम आकडे नुसते लिहून ठेवण्यात जाईल हे धरूनच घ्या.

आता हिशेब. नऊ बाय पाचला एकरी ९६८ झाडं बसतात. झाडाला चार लिटरचे दोन ड्रीपर म्हटले की तासाला एकरी पावणेआठ हजार लिटर जातात. आम्ही थंडीत दिवसाआड दोन तास देत होतो, कारण सगळेच देतात. दोन फुटांची सुई पूर्ण थंडीत दहाच्या खालीच बसून राहिली. म्हणजे खालचा थर कायम गच्च होता आणि वरून दिलेलं पाणी, त्यात सोडलेल्या खतासकट, खाली झिरपत होतं. सव्वा तासावर आणलं तेव्हा ती सुई हलायला लागली. घडाच्या वजनात, मण्याच्या फुगवणीत फरक पडला नाही. पाण्याचा मीटर मी आधीच्या हंगामातच मेन लाईनवर बसवला होता, म्हणून तुलना करता आली. एकरी वर्षाला सुमारे २८ लाख लिटर जात होते, ते २२ लाखांच्या आसपास आले.

बावीस लाख लिटर म्हणजे किती, हे सांगली जिल्ह्यातल्या माणसाला सहज कळेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जायला लागलं. पन्नास वाघिणींच्या गाडीत एका खेपेला २५ लाख लिटर जायचे. तेवढी गाडी एका शहराची तहान भागवायला निघायची, आणि जवळजवळ तेवढंच पाणी माझा एक एकर वर्षभरात पितो, तेही काटकसर केल्यावर.

यंत्रातले दोष सांगते. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा कपाचा मातीशी संपर्क सुटतो आणि सुई खोटं बोलते. भेग दिसली की यंत्र काढून चिखलाचा लगदा करून पुन्हा बसवावं लागतं. नळीत हवेचे बुडबुडे येतात, दर आठवड्याला बूच उघडून पाणी भरावं लागतं. पाणी उकळून गार केलेलं वापरलं तर बुडबुडे कमी होतात. फवारणीच्या ट्रॅक्टरच्या वाटेत आलं तर मोडणार, म्हणून दोन झाडांच्या मध्ये, ड्रीपरपासून वीतभर अंतरावर बसवावं. आणि एका जागेची सुई म्हणजे सगळी बाग नव्हे. माझ्यासारखी जमीन दोन प्रकारची असेल तर दोन जोड्या लागतात.

या दोषांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे, आणि विकणारा ती सांगत नाही. टेन्शिओमीटर खारटपणा दाखवत नाही. आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत बऱ्याच बोअरचं पाणी खारं आहे. खारं पाणी मोजून-मापून दिलं की क्षार मुळांच्या कक्षेतच साठत जातात. सुई पंधरावर, म्हणजे ओल भरपूर, आणि तरीही पानांच्या कडा करपलेल्या, असं होऊ शकतं, कारण क्षारांमुळे मुळाला पाणी उचलता येत नाही आणि तो जोर या घड्याळात येतच नाही. पाऊस बरा झाला तर क्षार धुऊन जातात. पाऊस ओढला तर मुद्दाम जास्तीचं, शक्यतो गोड पाणी देऊन धुवावे लागतात. म्हणून नुसतं ‘पाणी कमी करा’ हे आपल्या भागात अर्धवट शिक्षण आहे. कृष्णाकाठी नेमकं उलटं झालं. मिरज, वाळवा, शिरोळकडे उसाला पाटाने पाणी देऊन देऊन हजारो एकर जमीन क्षारपड झाली. पाणी कमी पडून आणि पाणी जास्त होऊन, दोन्हीकडून मीठ वर येतं.

मोबाईलवाल्या सेवेबद्दल थोडक्यात. शेजारच्या बागेत एका कंपनीचा सेन्सर आहे, त्याचे आकडे मी माझ्या सुयांशी ताडून बघत होते. सौर पट्टी, सिम, जमिनीत दोन पातळ्यांवर सेन्सर, वर छोटं हवामान केंद्र. बाष्पीभवन धरून ते आज किती मिनिटं पाणी द्यायचं ते सांगतं. रोगाचा अंदाजही देतं. डाऊनीच्या, म्हणजे केवड्याच्या, फवारणीसाठी तो अंदाज खरोखर उपयोगी वाटला. नोंदी आपोआप होतात, तपासणीला कागद शोधावे लागत नाहीत. पण सेन्सर आपल्या जमिनीशी जुळवून दिलेला नव्हता, काळ्या रानातही तो हलक्या जमिनीसारखा सल्ला देत राहिला. बिघडला तर दुरुस्तीचा माणूस यायला जितका वेळ लागायचा तितक्यात बागेची एक अवस्था निघून जायची. वर्गणी दरवर्षी. आणि आकडे निर्यातदारालाही दिसतात. मला माझ्या पाण्याचा आकडा कुणाला दाखवायला लाज नाही, पण तो कुणाकडे जातो आणि पुढे कशासाठी वापरला जातो हे करारात मराठीत लिहिलेलं हवं. वीस-पंचवीस एकरवाल्याला किंवा गटाला ही सेवा परवडेल.

आता ज्यासाठी हे एवढं लिहायला बसले त्याकडे येते. तपासणीच्या कागदांमुळे मी आपल्या द्राक्षातल्या पाण्याचा हिशेब वाचायला लागले. मालाबरोबर त्याला लागलेलं पाणीही देशाबाहेर जातं, हा विचार लंडनच्या टोनी ॲलन यांनी १९९० च्या दशकात मांडला. त्यासाठी त्यांना २००८ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. नेदरलँड्सच्या आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये त्याला मोजायची पद्धत दिली. त्यांच्या गटाच्या आकड्यांप्रमाणे एक किलो द्राक्षामागे जगाची सरासरी सुमारे ६१० लिटर. बेदाण्याला सुमारे २,४३० लिटर, उसाच्या साखरेला सुमारे १,७८० लिटर.

माझ्या मीटरवर एकरी २२ लाख लिटर, माल दहा टन. किलोला २२० लिटर. हे वाचून कुणी म्हणेल, जगाच्या तिसऱ्या हिश्श्यात द्राक्ष पिकवता, शाबास. पण ते ६१० फोडून बघितलं तर त्यातले सव्वाचारशे लिटर पावसाचे आहेत, सुमारे ८७ लिटर प्रदूषण पातळ करायला लागणारे, आणि सिंचनाचे फक्त ९७. आपलं फळ ऑक्टोबर छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपर्यंत कोरड्या दिवसांत वाढतं. जवळजवळ प्रत्येक थेंब बोअरमधून किंवा कालव्यातून. म्हणजे एकूण आकडा लहान, पण ज्या पाण्यासाठी गावात भांडणं होतात ते पाणी जगाच्या सरासरीच्या दुप्पट. कंटेनरमध्ये सुमारे १३ टन माल बसतो. त्यामागे साडेअठ्ठावीस लाख लिटर सिंचन. न्हावा-शेवाहून रॉटरडॅमला एक कंटेनर निघतो तेव्हा मिरजेच्या त्या पाणीगाडीपेक्षा जास्त पाणी आपण खर्च केलेलं असतं.

त्यातही म्हैसाळचं पाणी कृष्णेतून टप्प्याटप्प्याने वर उचलून आणलेलं. त्या उपशाच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकार भरतं, १९ टक्के आपण. मला हे चुकीचं वाटत नाही. टँकरने बागा जगवलेली माणसं आहोत आपण, वर पाणी आलं म्हणून हा भाग टिकला. पण रॉटरडॅमच्या दुकानातल्या पाव किलोच्या डब्यात आपल्या राज्याच्या तिजोरीतले पैसे आहेत, हे तिथल्या गिऱ्हाइकाला कुठेही दिसत नाही. दरातही दिसत नाही.

हे आपल्यापुरतं नाही. पेरू देशातल्या इका खोऱ्यात वाळवंटात शतावरी आणि द्राक्षं पिकतात, भूजलावर, आणि ते खोल खोल जातंय. चिलीत पेतोर्का नावाच्या भागात ॲव्होकॅडोच्या बागा हिरव्या राहिल्या आणि गावातल्या घरांना टँकर लागले. स्पेनमध्ये उएल्वाच्या स्ट्रॉबेरीमुळे दोन्याना या जागतिक वारशाच्या पाणथळीखालचं पाणी आटत चाललंय. २०१७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मांडलं होतं की जगात सिंचनासाठी भूजलाचा जो न भरून येणारा उपसा होतो, त्यातला सुमारे ११ टक्के देशोदेशींच्या अन्नव्यापारात जातो. त्यातला दोन तृतीयांश पाकिस्तान, अमेरिका आणि भारत या तिघांचा. पेतोर्काबद्दल पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. टँकर म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून युरोपवाला पाण्याचं विचारतो याचा मला राग नाही, विचारायलाच हवं. ‘स्प्रिंग’च्या प्रश्नांत पाणलोटाबद्दलही विचारतात. पण उत्तर एकट्या बागेने द्यायचं असतं, आणि पाणी एकट्या बागेचं नसतं. माझे एकरी सहा लाख लिटर वाचले ते कुठे गेले? काही शेततळ्यात राहिले आणि मी त्यावर मार्चमध्ये खरड छाटणीआधीची, म्हणजे एप्रिल छाटणीआधीची, ओल राखली. बोअरमधले जे उपसले नाहीत ते खाली राहिले खरे, पण त्याच झऱ्यावर शेजारी नवी लागण झाली. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनाही लेकरंबाळं आहेत. शिवाय दोन फुटांखाली जाणारं जे पाणी मी वाया गेलं म्हणते, त्यातलं काही उताराच्या विहिरींना मिळत होतं. २०१८ मध्ये क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये हेच मांडलं: शेताच्या बांधाच्या आत सिंचन सुधारलं तरी खोऱ्यातलं पाणी वाचतंच असं नाही, पुष्कळदा वापर वाढतो. उपशावर एकत्र मर्यादा असेल तरच वाचतं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. माझ्या मते निर्यातीच्या गटाला प्रमाणपत्र देताना त्या गावच्या विहिरीचा आकडा धरायला हवा. एका बागेचे लिटर आणि गावची पातळी शेजारी शेजारी लिहिली तर खरं काय ते दिसेल. आणि पातळी राखणाऱ्या गावाला किलोमागे जास्त दर मिळायला हवा. आमच्या गटाच्या तपासणीचा खर्च निर्यातदाराने उचलला, पण मीटर, टेन्शिओमीटर आणि रोजच्या नोंदीची मेहनत माझी. दर मात्र शेजारच्या, नोंद न ठेवणाऱ्या बागेइतकाच आला. जे गिऱ्हाईक प्रश्न विचारतं त्याने उत्तराची किंमतही द्यावी, हे मी गटाच्या बैठकीत सांगितलं आहे आणि पुन्हा सांगणार आहे.

यंत्र तरीही घ्या. वीज, खत, मुळांचं आरोग्य, तडकणारे मणी, एवढ्यावरच ते दोन हंगामांत पैसे फेडतं.

घेताना एवढं बघा. दुकानातच कपाला बारीक चीर नाही ना ते पाहा, आणि बसवण्याआधी कप रात्रभर पाण्यात भिजवा. मग नळीत पाणी भरून बूच बसवा आणि कप हवेत धरून तासभर ठेवा, सुई वर चढली पाहिजे. न चढणारं घड्याळ परत द्या. नळी पारदर्शक हवी, बुडबुडे दिसायला. कप आणि रबरी वायसर वेगळे मिळतात का ते आधीच विचारा. बसवायची वेळ ऑक्टोबर छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी, जमिनीत ओल असताना. त्याच मापाच्या पाइपने भोक पाडा, आत मातीचा लगदा ओता, मग यंत्र खाली दाबा. मीटर नसेल तर आधी मीटर घ्या, कारण लिटर मोजल्याशिवाय सुईचा आकडा नुसता सुईचा राहतो. आणि ज्यांच्या बोअरचं पाणी चवीला मचूळ लागतं त्यांनी या दोन्हींच्या आधी पाणी आणि माती तपासून क्षारांचा आकडा हातात घ्यावा. तो जास्त निघाला तर माझे वरचे सेंटीबारचे आकडे वापरू नका, सल्लागाराला विचारून आधी क्षार धुण्याचं पाणी ठरवा.